उभ्यानं घेतलेली शाल

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला. टाळ्या मात्र एकालाच मिळाल्या. मी खुर्चीवर बसले.

म्हैसूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी नर्स होते. स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या वॉर्डापर्यंत ते अजून यायचं होतं. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये स्टेज बांधलं होतं. झेंडूच्या माळा, मागं निळा पडदा, त्यावर कन्नडमध्ये कापडी अक्षरं : दयाळू परिचारिकेचा सत्कार. ती दयाळू परिचारिका म्हणजे मी. नाव पुकारल्याबरोबर मी तुरुतुरु पायऱ्या चढले. समोर खुर्च्यांची रांग, लाल गाद्यांची. त्यातली एक रिकामी. सत्कार माझा, मग खुर्ची माझी. एवढी माझी अक्कल. पदर सावरला आणि बसले. गादी इतकी मऊ की मी किंचित आत गेले. आणि वर हॉलभर बघून हसले. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या थोबाडीत देईन.

मोठे डॉक्टर माइकजवळ उभे होते. हॉस्पिटलचे मुख्य. सगळे त्यांना मोठे डॉक्टरच म्हणायचे, आणि तेही स्वतःला लहान समजत नव्हते. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. माइक चालू होता. ते बोलले कन्नडमध्ये, मी मराठीत लिहिते, धार तेवढीच आहे.

"सिस्टर, त्या खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत. तुम्ही मागे उभ्या राहा. उभं राहायची तुम्हाला सवयच आहे."

हॉल हसला. पुढच्या रांगेतले डॉक्टर हसले, त्यांच्या बायका हसल्या, टाळ्याही पडल्या. मागच्या रांगेत आमच्या नर्सा होत्या. त्याही हसल्या, कारण मोठे डॉक्टर हसले की आम्ही हसायचं असतं.

आणि मी? मीही हसले. दात दाखवून. "सॉरी सर" म्हणाले, उठले, मागं जाऊन पडद्याला चिकटून उभी राहिले. त्या रिकाम्या खुर्चीवर मग एका पाहुण्यांच्या बायकोनं आपली पर्स ठेवली. माझा सत्कार संपेपर्यंत पर्स बसून होती आणि मी उभी.

माझे अप्पा शेवटच्या रांगेत होते. आम्ही शिंपी. म्हैसुरात पिढ्यांपासून. घरात विठोबा आणि मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अप्पांनी त्या दिवसासाठी माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मचा ब्लाउज नवा शिवला होता, मशीन बंद ठेवून आले होते. पोरगी परक्या माणसांची अंगं पुसते म्हणून नातेवाईक नावं ठेवायचे. आज त्या सगळ्यांची तोंडं बंद होणार, म्हणून ते आले होते. कार्यक्रम संपल्यावर मी खाली उतरले तर ते माझ्याकडं न बघता माझ्या बाहीची शिवण चाचपत म्हणाले, "उभी होतीस ते बरं झालं. बसली असतीस तर फिटिंग कोणाला दिसलं नसतं."

तेव्हा मला कळलं की माइक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

पण हा झाला माझा अपमान. अपमान मी पचवला असता. आमच्या कामात रोज पचवायचा असतो तो. नर्सिंग शिकताना आम्हाला सगळ्यात आधी इंजेक्शन नाही शिकवत, उठायला शिकवतात. डॉक्टर आला, ऊठ. मेट्रन आली, ऊठ. चहा ओठाशी असला तरी ऊठ. काही वर्षांनी हे अंगातच जातं. डॉक्टरच्या बुटांचा आवाज आला की गुडघे आपोआप सरळ होतात, डोक्याला विचारत नाहीत. आणि पेशंटच्या खाटेवर बसणं, तो तर गुन्हाच. वॉर्डात एक स्टूल होतं, तेही डॉक्टरांचं.

सत्कार कशाचा होता तेही सांगते. स्पेशल वॉर्डात एका रेशीमवाल्या व्यापाऱ्याची बायको होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. माझी ड्यूटी संपली की मेट्रन मला तिच्याकडं पाठवायची. ती बाई म्हणायची, "बस गं, जरा पाय चेप." मी खाटेवर बसून पाय चेपायची. मेट्रन दारातून बघायची आणि गोड हसायची. बाई बरी झाली, घरी गेली. नवऱ्यानं हॉस्पिटलला देणगी दिली आणि म्हणाला, त्या दयाळू मुलीचा सत्कार करा. स्टेजवर भाषणही त्यानंच केलं. "पोटच्या लेकीनं चेपले नसते असे पाय हिनं चेपले," म्हणाला. मी पडद्याजवळ उभी राहून लाजले.

बघा, दया कुठं राहते ते. स्पेशल वॉर्डात खाटेवर बसले ती सेवा. जनरल वॉर्डात बसले तेव्हा काय झालं ते आता ऐका.

जनरल वॉर्डात चिक्कतायी होती. म्हैसूरजवळच्या वरुणा गावची, गावाबाहेरच्या केरीतली पोरगी. केरी म्हणजे कोण राहतं तिथं ते म्हैसुरात कोणाला सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगते, ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नाही पण ज्यांनी लावलेला भात गाव खातं, ती माणसं. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यानं हृदय खराब केलं. पाय सुजलेले, ओठ निळसर. तिला आडवं होता येत नव्हतं. आडवं झालं की श्वास घुसमटायचा, बुडणाऱ्या माणसासारखी हात मारायची. अशा पेशंटला पाठीमागं टेकण लागतं. आमच्याकडं लोखंडी चौकटीची, कापड ताणलेली पाठ-टेकणी होती. वॉर्डाला एकच. ती स्पेशल वॉर्डात गेली होती. रेशीमवाल्या बाईला टेकून मासिकं वाचायची होती. बाई घरी गेली तरी टेकणी परत आली नाही. मी मागितली, मेट्रन म्हणाली, "बघू."

उशा रचून बघितल्या. आमच्या उशा म्हणजे कापसाच्या आठवणी. पोरगी घसरायची. एका दुपारी ती अशीच घसरत होती, मी तिला सावरायला गेले आणि काही सुचेना म्हणून तिच्या मागं खाटेवर बसले. तिच्या पाठीला माझी पाठ लावून. तिचं तोंड भिंतीकडं, माझं वॉर्डाकडं. तिनं हळूहळू आपलं ओझं माझ्यावर टाकलं. थोड्या वेळानं तिचा श्वास खाली बसला. मला तो माझ्या मणक्यात कळत होता. कोणाचा श्वास असा पाठीनं ऐकलाय तुम्ही? मी आधी ऐकला नव्हता.

"अक्का," ती म्हणाली, "तुझं हाड टोचतंय."

"मग उठू?"

"अय्यो, नको. कूत्को." बस, म्हणजे. "पण नाचणीचे मुद्दे खात जा जरा. तुम्ही भातखाऊ लोक, पाठीवर मांसच नाही."

"मुद्दे खाऊन तुझ्यासारखी बडबडी होईन."

"बडबड करायला श्वास लागतो, अक्का. मुद्दे नाही."

आणि हसली. हसताना तिला खोकला आला. खोकताना माझी पाठ हलली. असं ते पाठीला पाठ लावून बसणं आमचं सुरू झालं. दुपारी काम आटपलं की मी बसायची. तेवढा वेळ ती झोपायची. दिवसातली तिची खरी झोप तेवढीच. तिची आई बाहेर व्हरांड्यात बसलेली असायची, तिला भेटायच्या वेळेशिवाय आत यायची परवानगी नव्हती. जाळीतून ती आम्हाला दोघींना बघायची. शेतावर मजुरी करणारी बाई, काळी, उंच, ओठ मिटलेले. मी बाहेर गेले की फक्त विचारायची, "नर्सम्मा, झोपली?" मी हो म्हटलं की ती स्वतः तिथं फरशीवर डोळे मिटायची. लेक झोपल्याशिवाय झोपायची नाही.

मेट्रननं एकदा बघितलं. आली, थांबली. मी उठले, अर्थात. गुडघ्यांनी विचारलं नाही. पोरगी मागं कलंडली, तिला मी एका हातानं धरलं.

"पेशंटच्या खाटेवर बसतेस? आणि पेशंटकडं पाठ करून?" मेट्रन म्हणाली. "कोणाच्या खाटेवर बसतेयस ते तरी बघ."

शेवटचं वाक्य तिनं आवाज खाली करून म्हटलं. चिक्कतायीला ऐकू गेलंच. ती भिंतीकडं बघत राहिली. त्यानंतर मी बसायची ती एक डोळा दारावर ठेवून, चोरासारखी. चोरी कसली, तर पाठीची.

आता तो सत्काराचा दिवस.

सकाळपासून हॉस्पिटल धुऊन काढत होते. पाहुणे येणार, मंत्रीही येतील अशी बोलवा होती. मेट्रननं मला बोलावलं. म्हणाली, "व्हरांड्यातली ही सगळी गर्दी गेटबाहेर काढ. पाहुण्यांना हे दृश्य नको." हे दृश्य म्हणजे पेशंटांच्या आया, बाप, चटया, डबे. दुसऱ्या कोणाला सांगता आलं असतं तिला. मला सांगितलं, कारण मी दयाळू. माझं लोक ऐकायचे.

मी गेले. एकेकाला गोड बोलून उठवलं. चिक्कतायीच्या आईपाशी आले. म्हटलं, "अव्वा, आज थोडा वेळ गेटबाहेर बसा. मोठी माणसं यायचीत."

तिनं जाळीतून आत बघितलं. "पोरीला आज जास्त होतंय," ती म्हणाली.

"मी आहे ना," मी म्हटलं.

हे तीन शब्द मी म्हटले. ती उठली. चटई गुंडाळली आणि गेली. एकदाही वाद घातला नाही. मला त्याचंही बरं वाटलं, किती शहाणी बाई म्हणून.

आत चिक्कतायीनं मला नव्या ब्लाउजात बघितलं. "अक्का, लग्न आहे काय तुझं?"

"सत्कार आहे. शाल मिळणार."

"कशाबद्दल?"

पाय चेपल्याबद्दल, असं कसं सांगू. म्हटलं, "चांगलं काम केल्याबद्दल."

"मग आज बसणार नाहीस?"

"शाल घेते आणि आलेच. ती शाल तुझ्या पाठीमागं घालू. हाड टोचणार नाही."

ती दोन्ही हात खाटेच्या पट्टीवर रोवून, पुढं वाकून बसली होती, श्वास शोधत. मी तिच्या मागं उशा कोंबल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि गेले. वॉर्डात एक आयाबाई होती, तिलाही हॉलमध्ये चहाचे ट्रे धरायला बोलावून घेतलं. टाळ्या वाजवायला माणसं लागतात म्हणून सगळ्या नर्सांना बोलावलं. दयेच्या सत्काराला आमचा वॉर्ड रिकामा करून आम्ही सगळ्या गेलो.

पुढचं सांगितलंच. खुर्ची, हशा, पर्स, भाषण. मग शाल. मग चंदनाचा हार, फळांची करंडी. मला कोणी बोलायला माइक दिला नाही. मी घरून चार वाक्यं पाठ करून आले होते, ती तशीच पोटात राहिली. बरंच झालं.

अप्पांनी शिवण चाचपली, मी करंडी त्यांच्याकडं दिली आणि वॉर्डाकडं निघाले. हसू तोंडावर होतंच अजून, वाळलेलं.

चिक्कतायी कलंडून पडली होती. पुढं नाही, बाजूला नाही, मागं. उशा खाली फरशीवर. डोळे उघडे. मी नाडी बघितली, मान बघितली, छातीवर कान ठेवला. हार मध्ये आला. तो बाजूला करून पुन्हा कान ठेवला. काही नव्हतं.

शेजारच्या खाटेवर दम्याची एक म्हातारी होती. तिला स्वतःला उठता येत नव्हतं. ती रडत नव्हती, नुसती सांगत होती, कोणीतरी विचारल्यासारखी :

"मी ओरडले गं बाई. माझ्या छातीत आवाज कुठला. कोणी आलं नाही. ती आधी दाराकडं बघत होती. मग हात मागं नेला. मागं चाचपत होती. असं." म्हातारीनं स्वतःचा हात पाठीमागं नेऊन दाखवलं. "असं चाचपत होती. कोण आहे का बघत."

मी काय केलं? पळाले. गेटकडं. आईला सांगायचं म्हणून. हॉलमधून पाहुणे बाहेर पडत होते, मोटारी लागल्या होत्या, मी त्यांच्यातून वाट काढत पळत होते, गळ्यात चंदनाचा हार, खांद्यावर शाल. काढायचं सुचलं नाही. तिनं मला लांबून बघितलं. हार घातलेली नर्स आपल्याकडं धावत येतेय. ती उठून उभी राहिली आणि तिच्या मिटलेल्या ओठांवर हसू आलं. मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं ते तेव्हा. तिला वाटलं, चांगली बातमी आहे.

यापुढचं मला लिहिता येत नाही. मी म्हातारी बाई आहे, खोड्या करायला मला आवडतं, मी या वयातही सुनेच्या डब्यातली चकली चोरते. पण ते हसू माझ्या तोंडासमोर विझलं, त्याची गंमत करता येत नाही.

त्यानंतर मी जे केलं त्याला लोक बंड म्हणतात. मीही पुष्कळ वर्षं म्हणायची.

काही दिवस गेले. चिक्कतायीच्या खाटेवर दुसरी पेशंट आली. शेजारची दम्याची म्हातारी आता दुपारी घाबरायची, आडवी झाले तर मीही तशीच जाईन म्हणायची. टेकणी अजून आली नव्हती. एका सकाळी तिला फार दम लागला. मी तिच्या मागं बसले, पाठीला पाठ. तेवढ्यात बुटांचे आवाज. मोठे डॉक्टर राउंडला, मागं विद्यार्थ्यांची रांग, बाजूला मेट्रन.

माझे गुडघे उठायला लागले. खरंच सांगते, पाय माझे नव्हतेच. मी दोन्ही हातांनी खाटेची लोखंडी पट्टी घट्ट धरली आणि स्वतःला खाली दाबून ठेवलं.

"सिस्टर, हे काय?"

"ह्यांना टेकण नाही, सर."

"उठा."

"उठले तर ह्या पडतील."

"मी सांगतोय, उठा."

"ऐकलं मी, सर."

म्हातारी माझ्या पाठीमागून कुजबुजली, "ऊठ की गं, माझ्यापायी नको." मी म्हटलं, "अज्जी, सुम्ने कूत्को." गप बस. हे जरा मोठ्यानं गेलं. ते कोणाला उद्देशून होतं याबद्दल मेट्रनचं आणि माझं एकमत झालं नाही.

मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांकडं वळून म्हणाले, "ह्या आमच्या दयाळू परिचारिका." विद्यार्थी हसले. ह्या वेळी मी हसले नाही. त्यांच्याकडं बघत बसून राहिले. बसून. ते पुढच्या खाटेकडं गेले. माझा घाम म्हातारीच्या पाठीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी माझी बदली झाली. चादरींच्या खोलीत. धुऊन आलेल्या चादरी घडी घालायच्या, फाटक्या वेगळ्या करायच्या. पेशंटचं तोंड बघायचं नाही. वर मेट्रननं बजावलं, तिथं हवं तेवढं बस.

आणि मी काय झाले सांगू? मी फुगले. चादरींच्या ढिगावर राणीसारखी बसायची आणि मनात म्हणायची, बघा, मी मोठ्या डॉक्टरांपुढं उठले नाही. नर्सा येऊन हळूच हात दाबायच्या. अप्पासुद्धा म्हणाले, "बरं केलंस." मला वाटलं, चिक्कतायीचं देणं फिटलं. हे आता तिच्या आईला सांगायला पाहिजे. तिला किती बरं वाटेल.

मूर्खपणाला तळ नसतो.

हे सगळं आज का उकरलं? माझी नात नर्स आहे, खासगी हॉस्पिटलात. तिथं आता पेशंट मोबाइलवर तारे देतात, ज्या नर्सला जास्त तारे तिचा फोटो लिफ्टजवळ लावतात. ह्या महिन्यात तिचा फोटो लागला. स्पेशल खोलीतल्या पेशंटांनी दिलेले तारे. "आणि जनरलमधले?" मी विचारलं. "आज्जी, त्यांच्याकडं कुठला टाइम असतो तारे द्यायला," ती म्हणाली. बारा तास उभी राहून आलेली, पाय गरम पाण्यात घातलेले. मी तिचे पाय चेपत होते. त्याच आठवड्यात म्हैसुरातल्याच सरस्वतीपुरमच्या एका मंडळाची माणसं आली, साठी-सत्तरीची, सज्जन. निवृत्त परिचारिकांचा सत्कार ठेवलाय म्हणाले, करुणा आणि सेवा. शाल, हार. मी म्हटलं, येणार नाही. त्यांना वाटलं तब्येत. म्हणाले, "आज्जी, तुम्हाला बसायला खुर्ची देऊ." मी इतकी हसले की त्यांनी चहा अर्धा टाकला. मग मी त्यांना म्हटलं, हॉस्पिटलात जा, जनरल वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी एक स्टूल ठेवा, आईला बसायला, नर्सला बसायला. त्याच्यावर माझं नाव घालू नका. ते "बघू" म्हणाले. हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे.

तर वरुणा. चादरींच्या खोलीत असतानाच एका सुटीच्या दिवशी बसनं गेले. उसाच्या शेतांमधून केरीत चालत गेले. लोक दारात येऊन बघत होते, अशी पांढऱ्या साडीतली बाई तिथं येत नसे. चिक्कतायीची आई घरापुढं रागी पाखडत होती. तिनं मला ओळखलं. बस म्हणाली नाही. मी आपणच जमिनीवर बसले आणि सांगायला लागले. मोठे डॉक्टर कसे आले, मी कशी उठले नाही, ते काय म्हणाले, मी काय म्हणाले, मला कशी शिक्षा झाली. सगळं. हातवारे करून. बोलताना मला माझाच अभिमान दाटून आला, डोळ्यांत पाणीही आलं. मी थांबले आणि तिच्याकडं बघत राहिले. ती काहीतरी चांगलं म्हणेल म्हणून.

तिनं सूप खाली ठेवलं. सावकाश. मला तिनं माफ केलं नाही, शिवीही दिली नाही. ती जे बोलली ते ऐकून मी तशीच उठले आणि परत आले. पुढं चादरींच्या खोलीतून सुटले, दुसऱ्या वॉर्डात गेले, नोकरी संपेपर्यंत ज्या ज्या वॉर्डात होते तिथं तिचं ऐकलं. मेमो आले, बढती गेली, वॉचमन भांडले. शाल मी पुन्हा कधी घेतली नाही, कोणाकडूनही. आता नातीला हेच सांगितलंय, ताऱ्यांचं काय करायचं ते कर, पण हे कर. मी मेले आणि कोणी माझ्याबद्दल दयाळू हा शब्द काढला तर त्याला हे वाचायला द्या. माझं बंड पुसून टाका, चालेल. चिक्कतायीच्या आईचं बोलणं ठेवा. ती असं म्हणाली :

"तू डॉक्टरपुढं उठली नाहीस, ते तुझं तू केलंस. मला कशाला सांगतेस? तू गेटबाहेर बस म्हणालीस आणि मी बसले. ती माझी चूक. मी तुझ्या अंगावर पाय देऊन आत जायला पाहिजे होतं. मोठी माणसं असोत नाहीतर देव असो. आता मला कळलंय. तूही नीट ऐक. पुढच्या वेळी दारात कोणाची आई आली, तर तिला मी आहे ना म्हणू नको. बाजूला हो."